वाट वाकडी करावी का? टेस्टिंग मेन्यूचं टेबल बुक करण्याआधी

बेळगावात कुणी जेवायला बोलावलं तर आपण दोनच गोष्टी विचारतो: किती वाजता यायचं, आणि मटण आहे की गोडाचं. टेस्टिंग मेन्यूच्या हॉटेलात, म्हणजे जिथं शेफच ठरवतो तसे कोर्स (छोटे छोटे पदार्थ) एकामागून एक येतात तिथं, टेबल घ्यायचं म्हटलं की विचारायच्या गोष्टी वाढतात, आणि त्यातली एक जरी राहिली तरी महागात पडते. मला पडली आहे. मुंबईतल्या एका हॉटेलात बारा कोर्सांपैकी नऊ कोर्स मी बायकोच्या डोळ्यांदेखत एकट्यानं जेवलो. हॉटेलची त्यात काही चूक नव्हती. ते पुढं सांगतो.

गेल्या महिन्यात खानापूरच्या भाच्याचा फोन आला. लग्नाचं पहिलं वर्ष, दोघं बेंगळूरला चाललेले. "मामा, चौदा कोर्सचं जेवण हाय म्हणे, पैसे आधीच भरा म्हणालेत. भरू काय?" त्याला तुटक तुटक जे सांगितलं तेच इथं जरा नीट लावून लिहितोय. आपल्या भागातली पोरं आता पुणे, बेंगळूर, दुबई सगळीकडं असतात, आईवडील त्यांच्याकडं जातात, आणि कधी तरी पोरगं म्हणतंच, "बाबा, एकदा तिथं जेवूया." तेव्हा उपयोग होईल.

हे नेमकं असतं काय

लग्नाची पंगत आठवा. पानावर काय येणार आणि कशामागून काय येणार हे ठरलेलं असतं. तुम्ही जिलेबी आधी मागितली म्हणून कुणी आधी वाढत नाही. तुमच्या हातात फक्त "पुरे" म्हणणं. टेस्टिंग मेन्यूही तसाच: मेन्यूकार्डावरून निवडायचं नाही, शेफनं ठरवलेले सात-आठपासून पंधरापर्यंत पदार्थ एकामागून एक येतात, प्रत्येक दोन-तीन घासांचा. फरक एवढाच की पंगतीत पुढची पंगत उभी असते म्हणून आपण भराभरा उरकतो, आणि इथं तेच जेवण अडीच ते साडेतीन तास चालतं. दोन पदार्थांमध्ये दहा-पंधरा मिनिटं रिकामी जातात. ज्यांना गप्पा मारता येतात त्यांना ती गोड लागतात. ज्यांना येत नाहीत ते फोन काढतात.

भारतातली काही नावं माहीत असू द्यात, म्हणजे पोरानं नाव घेतलं की अंदाज येईल. मुंबईत महालक्ष्मीच्या शक्ती मिल लेनमध्ये 2016 साली सुरू झालेलं 'मास्क'. चेन्नईत आयटीसी ग्रँड चोलातलं 'अवर्तना', तिथं दक्षिणेकडच्याच चवी वेगळ्या रूपात येतात; सात, नऊ, अकरा, तेरा असे वेगवेगळ्या लांबीचे मेन्यू असतात आणि गाळून पाण्यासारखं नितळ केलेलं टोमॅटोचं रसम ही त्यांची ओळख. बेंगळूरच्या बाहेर शेतात असलेलं 'फार्मलोर'. हिमाचलात कसौलीच्या बाजूचं 'नार', जिथं एका वेळी फक्त सोळा माणसं बसतात. आणि दुबईतलं 'ट्रेसिंड स्टुडिओ', ज्याला 2025 साली मिशेलिनचा तिसरा तारा मिळाला (हे तारे म्हणजे काय ते खाली सांगतो). भारतीय जेवण देणाऱ्या कुठल्याही हॉटेलाला त्याआधी तीन तारे मिळाले नव्हते.

पहिली पायरी: तुमच्या सहलीत त्याला संध्याकाळ आहे का

मिशेलिन ही मुळात टायरची कंपनी. फ्रान्समध्ये 1900 साली तिनं मोटारवाल्यांसाठी एक गाइड काढलं, लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात, टायर झिजावेत म्हणून. पुढं त्यात तारे आले. त्या ताऱ्यांचा अर्थ प्रवासाच्याच भाषेत आहे: एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे त्याच्यासाठीच घरातून निघा. मला ही मोजपट्टी फार आवडते, कारण ती जेवणाची चव सांगण्याआधी तुमची वाट विचारते. भारतात ते गाइड निघत नाही, त्यामुळं इथल्या हॉटेलांना तारे नाहीत. पण प्रश्न तोच राहतो आणि तो आपणच स्वतःला विचारायचा.

विचारायचा म्हणजे असा. कागद घ्या, सहलीच्या संध्याकाळी मोजा. बेंगळूरला शुक्रवार ते रविवार चाललाय. वंदे भारतनं गेलात तर बेळगावहून पहाटे निघून दुपारी दमून पोचता. रात्रीच्या रेल्वेनं किंवा बसनं गेलात तर पाचशे किलोमीटरचा प्रवास अंगात असतो. पोचल्या दिवशीची रात्र त्यामुळं बाद. परतीच्या दिवशीची संध्याकाळही बाद, कारण साडेसातला बसलेला माणूस साडेदहाआधी उठत नाही आणि गाडी कुणासाठी थांबत नाही. राहिली मधली एकच संध्याकाळ. त्याच संध्याकाळी मेहुण्याकडं जायचंय, जयनगरात खरेदी करायचीय, आणि हॉटेल शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेही बेंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये. मग जेवण तीन तासांचं नाही, जाऊन येऊन सहा तासांचं झालं.

माझा नियम साधा आहे: सहलीत मोकळ्या संध्याकाळी तीन तरी असतील तर त्यातली एक यावर घालवा. एकच असेल तर नको.

गोव्याचं मात्र वेगळं सांगतो, कारण आपली निम्मी जनता गोव्याला "जरा जाऊन येतो" म्हणून जाते. चोर्ला घाटानं शे-सव्वाशे किलोमीटर, सकाळी निघायचं, रात्री परत. अशा फेरीत लांबलचक जेवण बुक करू नका. चालवणाऱ्यानं ग्लासाला हात लावायचा नाही, पावसाळ्यात घाटात धुक्यानं गाडीपुढचं दिसत नाही, आणि डोक्यात सारखं परतीचं घड्याळ. त्यापेक्षा दुपारी एखाद्या खाणावळीत फिश थाळी खा, किसमूर (सुक्या जवळ्याची कोशिंबीर), सोलकढी, तळलेलं बांगड्याचं तुकडं. मुक्कामाला गेलात तर पुन्हा विचार करा.

दुसरी पायरी: तारीख आणि पथ्य

इथं जरा थांबतो, कारण नवखा माणूस सगळ्यात जास्त इथंच आपटतो, आणि मीही इथंच आपटलो.

लग्नाच्या वाढदिवसासाठी मी मुंबईतलं टेबल तीन आठवडे आधी घेतलं. शनिवार-रविवार भरलेले, सोमवारी बंद, मंगळवार मिळाला. मी खूश. बायकोचा मेन्यू शाकाहारी, माझा मांसाहारी, पैसे भरले, पोचपावती आली. निघायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरताना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर थांबली आणि म्हणाली, "मंगळवारी चतुर्थी आहे." मंगळवारी संकष्टी म्हणजे काय हे गणपतीच्या माणसाला सांगायला नको. अंगारकी. हॉटेलचा नियम असा की बहात्तर तासांच्या आत रद्द केलं तर पैसे परत नाहीत. तारीख बदलून मागितली, पण पुढचे दहा दिवस एक खुर्ची रिकामी नव्हती.

गेलो. ती म्हणाली, "तुम्ही जेवा, मी बसते." टेबल साडेसातचं, चंद्रोदय पावणेदहाच्या सुमाराला. वाढणाऱ्या पोरानं फळं आणू का विचारलं, ती नको म्हणाली. त्याच्या शिस्तीला मात्र दाद दिली पाहिजे: प्रत्येक कोर्सच्या आधी तो तिच्यासमोर नवा चमचा आणि नवा काटा मांडायचा, आणि कोर्स संपला की न वापरलेला, लखलखीत चमचा तितक्याच अदबीनं उचलून न्यायचा. नऊ वेळा. चौथ्या-पाचव्या कोर्सनंतर मला काय खातोय तेच कळेना. पावणेदहाला आम्ही दोघं उठून बाहेर गल्लीत आलो. समोर उंच इमारती. पाच-सात मिनिटांनी दोन इमारतींच्या फटीत चंद्र दिसला. बहिणीनं दादरहून स्टीलच्या डबीत मोदक दिले होते, ते पर्समधून काढले, तिनं तिथंच फुटपाथवर हात जोडून एक खाल्ला, एक मला दिला. आत येऊन तिनं शेवटचे तीन कोर्स खाल्ले, त्यातले दोन गोड होते. अजूनही कुणी विचारलं की त्या रात्रीचं काय लक्षात आहे, तर ती मोदक सांगते.

तर तारीख घेण्याआधी कॅलेंडर बघा. संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, श्रावण पाळत असाल तर तो अख्खा महिना. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, कारण व्रत ज्याचं त्यालाच माहीत असतं.

मग पथ्य. बुकिंग करतानाच लिहून कळवा, आणि फोन करूनही सांगा. पदार्थ दोन घासांचा असला तरी त्याची तयारी एक-दोन दिवस आधी सुरू झालेली असते. टेबलावर बसून "आमच्यात कांदा-लसूण चालत नाही" म्हटलं तर स्वयंपाकघरात त्या वेळी कुणी काही करू शकत नाही. "शाकाहारी" एवढाच शब्द पुरत नाही. अंडं चालतं का, हे सांगा. चिकोडी-निपाणीकडचे जैन पाहुणे असतील तर कंदमुळं नाहीत हे सांगाच, शिवाय सूर्यास्तानंतर न जेवणारे असतील तर रात्रीची पंगत त्यांच्या कामाची नाही. दुपारची असते का ते विचारा. माळकरी माणूस असेल तर मटणाचा रस्सा ज्या पळीनं वाढतात तीच पळी इकडं येते का, हाही प्रश्न विचारायला लाजू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर दोनदा सांगा.

परदेशात आणखी सावध राहावं लागतं. जपानी जेवणात दाशी नावाचा जो पाया असतो तो बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. वरून नुसती भाजी दिसते. थाई स्वयंपाकात फिश सॉस मिठासारखा पडतो. युरोपातल्या गोड पदार्थांत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. काही हॉटेलं शाकाहारी मेन्यू देतच नाहीत आणि तसं स्पष्ट लिहितात. तिथं विनवण्या करू नका, दुसरं हॉटेल शोधा.

तिसरी पायरी: बिल घरीच करून बघा

मेन्यूचा छापील दर आणि खिशातून जाणारे पैसे यांत बरंच अंतर असतं. हिशेबापुरता माणशी 5,000 रुपये दर धरू. दोघांचे 10,000. स्वतंत्र हॉटेल असेल तर जीएसटी 5 टक्के, म्हणजे 10,500. पण तेच जेवण 7,500 रुपयांपेक्षा महाग खोल्या असलेल्या मोठ्या हॉटेलात असेल तर जीएसटी 18 टक्के, म्हणजे 11,800. त्यात सर्व्हिस चार्ज 10 टक्के लावला तर त्याच्यावरही कर बसतो आणि आकडा जवळपास 13,000 होतो. दारू जीएसटीत येत नाही, तिचा राज्याचा कर वेगळा, आणि प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळा ग्लास देणारं 'पेअरिंग' घेतलंत तर कधी कधी पेयांचं बिल जेवणाच्या बरोबरीला येतं. पाणीसुद्धा बाटलीचंच पुढं करतील. साधं मागा, देतात. वर रात्री अकराची टॅक्सी.

सर्व्हिस चार्जबद्दल एक माहिती: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं की हॉटेलांनी तो आपोआप बिलात घालू नये, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये त्या सूचना योग्य ठरवल्या. म्हणजे तो देणं तुमच्या मर्जीवर. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. मी स्वतः सेवा चांगली असेल तर वाढणाऱ्याच्या हातात रोख ठेवतो.

आता आकडा पूर्ण झाला की जोडीदाराला मोठ्यानं वाचून दाखवा. चेहरा बघा. तो आकडा ऐकून जेवताना प्रत्येक घासाची किंमत मोजली जाणार असेल तर जेवण अंगी लागणार नाही. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर हे जेवण घेऊ नका, हे माझं ठाम मत.

चौथी पायरी: बुकिंग आणि रद्द करण्याचा नियम

शिकागोच्या 'नेक्स्ट' हॉटेलनं 2011 साली जेवणाची चक्क नाटकासारखी तिकिटं विकायला सुरुवात केली: तारीख, वेळ, पैसे आधी. मग ही रीत पसरली. वीस खुर्च्यांच्या हॉटेलात चार जण न सांगता आले नाहीत तर त्या रात्रीच्या कमाईचा पाचवा भाग गेला, म्हणून ते कडक असतात. यात मला तरी काही गैर वाटत नाही. आपण कार्यालयात केटररला ताटं सांगतो तेव्हाही माणसं कमी आली म्हणून पैसे कमी होत नाहीत.

पैसे भरण्याआधी एवढं वाचा: किती तास आधीपर्यंत रद्द करता येतं, तारीख बदलून मिळते का, माणसं कमी झाली तर काय, आणि किती उशीर चालतो. रेल्वे-विमानानं त्याच दिवशी पोचणार असाल तर शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. सगळ्यांना एकाच वेळी वाढायला सुरुवात करणाऱ्या हॉटेलात अर्धा तास उशीर म्हणजे दोन कोर्स गेले. परदेशातलं बुकिंग असेल तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या, नाहीतर पैसे भरताना कार्ड नाकारलं जातं आणि तोवर टेबल जातं. लहान मुलं चालतात का हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ठराविक वयाखाली घेत नाहीत.

बेंगळूरला फोन करणार असाल तर कन्नडमध्ये बोलून बघा. सीमाभागात राहून दोन भाषा कानावर पडल्याचा आपल्याला एवढा तरी फायदा व्हावा. इंग्रजीत "नोटेड सर" म्हणून संपलं असतं ते कन्नडात पाच मिनिटं चालतं, आणि पलीकडचा माणूस धारवाडचा निघाला तर पथ्याची यादी तो स्वतः वाचून दाखवतो.

पाचवी पायरी: बरोबर कोण आहे

चव, पैसा, अंतर सगळं जमलं तरी इथं सगळं फिसकटू शकतं. आमचे एक काका आठाच्या ठोक्याला जेवतात आणि भात पोटात गेल्याशिवाय जेवण झालं असं मानत नाहीत. त्यांना अशा ठिकाणी नेणं म्हणजे त्यांना शिक्षा आणि आपल्यालाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन तास उंच स्टुलावर बसवू नका. खुर्ची मिळेल का विचारा. चार जणांत तिघं उत्सुक आणि एक नाइलाजानं आलेला असेल तर त्या एकाला आधीच मोकळं करा, तो बाहेर मजेत डोसा खाईल. बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांनाच मेन्यू घ्यावा लागतो, शाकाहारी असो की मांसाहारी, त्यामुळं "मी नुसता बसतो" चालत नाही. माझ्या बायकोचं चाललं, कारण तिचे पैसे भरलेले होते.

"पोट भरतं का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. भरतं. सहाव्या-सातव्या कोर्सला कळतं की छोट्या ताटल्यांनी आपल्याला गाठलंय. त्या दिवशी दुपारचं जेवण हलकं ठेवा आणि सुरुवातीला येणाऱ्या ब्रेड-लोण्यावर तुटून पडू नका. एखादा पदार्थ आवडला नाही तर तसाच राहू द्यात, "टाकलं" म्हणून कुणी रागवत नाही. काय आहे ते कळलं नाही तर पुन्हा विचारा. मी एकदा ताटलीतला सजावटीचा दगड उचलून बघत होतो, शेजारच्या टेबलावरचा माणूसही तेच करत होता. दोघांनी एकमेकांकडं बघून दगड खाली ठेवला.

आणि नको वाटलं तर

पूर्ण मेन्यू झेपणार नसेल तर दोन वाटा आहेत. एक, दुपारचं टेबल: अनेक ठिकाणी दुपारी मेन्यू छोटा आणि स्वस्त असतो, नंतरची संध्याकाळ हातात राहते. दोन, त्याच शेफचं किंवा त्याच मालकाचं साधं हॉटेल असेल तर तिथं जाऊन मेन्यूकार्डावरचे दोन पदार्थ मागवायचे. हात तोच असतो. आणि हेही लक्षात असू द्या की आपल्या घरी मांडे करणारी बाई पालथ्या मडक्यावर ज्या हातानं तो पातळ पदर टाकते, ते बघायला लोक दुरून येतात. मनातले मांडे खायचे असतील तर निदान खरे कसे होतात ते आधी बघून ठेवावं.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यानं चौदा कोर्सची रात्र सोडली आणि दुसऱ्या एका ठिकाणी शनिवारची दुपार घेतली, सात कोर्स, एक शाकाहारी, एक मांसाहारी. भाचेसुनेला शेंगदाणा चालत नाही, ते तिनं स्वतः फोन करून कन्नडमध्ये सांगितलं. कॅलेंडरही बघितलं म्हणे. निघायच्या आदल्या रात्री पुन्हा मेसेज: "मामा, कपडे काय घालू?"

इस्त्रीचा शर्ट, लांब पॅंट, बंद बूट. लग्नातला कोट नको, दुपारी घामाघूम होशील.